मोटरहोम घेऊन घाटात: पसरणी आणि केळघरच्या वाटेवर शिकलेलं

जळक्या ब्रेक लायनरचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. मला तो पसरणी घाटात कळला. डिसेंबरातली सकाळ होती. पाचगणीत दोन मुक्काम करून आम्ही सहाजण वाईकडे उतरत होतो. गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेलं मोटरहोम, लांबीला सात मीटरच्या आतबाहेर, वजन चार टनांच्या वर. निघताना पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली होती, कारण वरचं पाणी गोड. मी तिसऱ्या गिअरात होतो आणि उजवा पाय सतत ब्रेकवर. बुवासाहेबांच्या मंदिराच्या आसपास वास आला. मग पेडल रोजच्यापेक्षा खाली जायला लागलं.

शेजारी तात्या बसले होते. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. ते ओरडले नाहीत. "दुसऱ्यात टाक. आन् म्होरं रुंद जागा आली की हळूच बाजूला घे," एवढंच म्हणाले. गाडी थांबली तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघत होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तर त्यांनी मनगट धरलं. "तापल्या लोखंडावर पानी टाकतोस? तडकंल त्ये." आम्ही पाऊण तास तिथं बसलो. त्या पाऊण तासात त्यांनी जे सांगितलं ते पुढच्या सगळ्या लेखाचं मूळ आहे: "बिरेक थांबायला असतो. उतरायला गिअर असतो. आन् कुठल्या गिअरात उतरायचं त्ये घाट सुरू व्हायच्या आधी ठरवायचं."

त्यानंतर मी ह्या रस्त्यांवर मुद्दाम सराव केला. पुणे-मुंबईकडून मोटरहोम घेऊन महाबळेश्वरला येणारे आता बरेच दिसतात. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, भाड्याच्या गाड्याही मिळतात. पण गाडी हातात देताना फ्रिज आणि पलंग दाखवतात, उतार कसा उतरायचा ते कुणी दाखवत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

आधी काट्यावर जा

ऊसपट्ट्यात राहण्याचा एक मोठा फायदा म्हणजे वजनकाटा शोधत फिरावं लागत नाही. भुईंज, कराड, सांगलीकडे कुठल्याही कारखान्याच्या वाटेवर खासगी काटे आहेत आणि थोडक्या पैशांत पावती मिळते. प्रवासाला निघताना गाडी जशी असेल तशीच न्यायची: डिझेल भरलेलं, भांडीकुंडी, अंथरुणं आणि माणसंही आत बसलेली. तीन वजनं घ्यायची. एकदा अख्खी गाडी, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा फक्त मागची. एकूण वजनाची मर्यादा आरसी बुकात असते, पुढच्या-मागच्या अॅक्सलची, म्हणजे चाकांच्या आसाची, चॅसिसच्या पट्टीवर.

माझ्या गाडीचा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला धक्का बसला. मर्यादेपेक्षा १४० किलो जास्त, आणि ते सगळं मागच्या अॅक्सलवर. वजन कुठून आलं ते शोधणं सोपं होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे १२० लिटरची टाकी म्हणजे दोन धडधाकट माणसं. दोन मोठ्या बॅटऱ्या, लोखंडी शिडी, जाड प्लायवुडची कपाटं. सगळं गाडीच्या शेपटाला बांधलेलं. मागे फार वजन झालं की पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग तर त्यांच्याच हाती असतं. मी बॅटऱ्या दोन अॅक्सलच्या मध्ये आणून घेतल्या, शिडी घरी ठेवली.

पाण्याच्या टाकीबद्दल माझं मत आता पक्कं आहे: घाटात ती रिकामी हवी, फार तर पिण्यापुरते कॅन. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. प्रत्येक वळणावर ते पन्नास-साठ किलो पाणी बाहेरच्या बाजूला धावतं आणि तुम्ही स्टिअरिंग सरळ केल्यावर उलट आदळतं. टाकीत आडव्या पट्ट्या असतील तर हा हेलकावा कमी होतो, बंद होत नाही. पाणी वर पोहोचल्यावर भरा आणि उतरण्यापूर्वी वापरून संपवा. टपावर काहीही जड ठेवू नका. उंच गाडी वळणावर आधीच बाहेर झुकते.

कागदाचंही इथंच उरकतो. आरसीवर गाडीचा वर्ग मोटर कॅराव्हॅन असा नोंदलेला आहे का ते बघा. आपल्याकडे मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सतरा सीटर म्हणून पासिंग झालेल्या गाडीत नोंद न करता पलंग बसवला असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. हलक्या वाहनाचा परवाना ७५०० किलोपर्यंत चालतो, त्यामुळे बहुतेक मोटरहोमना तो पुरतो.

टायर आणि ब्रेक ऑइल

मोटरहोम चालतं कमी आणि उभं जास्त. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा-सात वर्षांपलीकडचा टायर, बाजूला बारीक चिरा पडलेला, मी घाटात नेणार नाही, नक्षी कितीही शाबूत असो. हवा थंड टायरमध्ये, सकाळी निघण्यापूर्वी बघायची. मागे जोडटायर असतील तर दोघांच्या मध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघा. खडीच्या रस्त्यावर हे हमखास होतं.

माझं पेडल खाली का गेलं ते नंतर मेकॅनिककडे कळलं. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललंच नव्हतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओल धरली की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. तापलेल्या चाकाजवळ ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय आत जातो आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, हे ऑइल बदलून घ्या. खर्च किरकोळ आहे.

गाडीच्या आतलं थोडक्यात. गॅसचा व्हॉल्व्ह सिलिंडरलाच बंद करायचा, शेगडीचं बटण पुरेसं नाही. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला. कपाटांना खटके. कुकर, खलबत्ता, पाट्यासारख्या जड वस्तू तळाशी. घाटात कुणीही पलंगावर झोपायचं नाही, चहा करायला उठायचं नाही, सगळ्यांना सीटबेल्ट. घरातली ज्येष्ठ माणसं ह्यावर नाराज होतात. त्यांना आधी वाईत उतरून मस्त चहा पाजा आणि मग बसवा.

कुठला घाट, कधी

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी साताऱ्याहून पाचवड फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी असा रस्ता सांगतो, आणि परतही त्याच घाटाने उतरायला सांगतो. कारण साधं आहे: चढताना जी वळणं पाहिली तीच उतरताना येतात. कुठं साइडपट्टी रुंद आहे, कुठं कठडा आहे, कुठं माकडांसाठी गाड्या थांबतात, हे शेजारी बसणाऱ्याने चढतानाच वहीत टिपून ठेवावं. आमच्या घरी ही वही आमची ही ठेवते, आणि तिच्या वहीतल्या थांबण्याच्या जागा नकाशापेक्षा भरवशाच्या निघाल्यात. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. तिथून घाटमाथ्यावरच्या दांडेघरच्या नाक्यापर्यंत रस्ता बराच रुंद आहे आणि एसटीची ये-जा असल्यामुळे मोठ्या गाडीची लोकांना सवय आहे.

दुसऱ्या खेपेला पाचगणी, महाबळेश्वर, मग माचुतरवरून केळघर घाट उतरून मेढा आणि सातारा, असा फेरा घ्या. सगळा मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. केळघरला गर्दी कमी, पण काळ्या कड्याजवळ डोंगर रस्त्यावर झुकलेला आहे आणि पावसाळ्यात तिथं दगड येतात. सप्टेंबर संपेपर्यंत मी मोठी गाडी त्या बाजूने नेत नाही.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट मोटरहोमसाठी मी सुचवत नाही. रस्ता अरुंद, वळणं तीव्र, दरी खोल. जुलै २०१८ मध्ये ह्याच घाटात सहलीची बस दरीत गेली, आणि जुलै २०२१ च्या पावसात दरडींनी रस्त्याचे लचके तोडले. कोकणात उतरायचंच असेल तर कराड-पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट घ्या. तिथं ट्रक भरपूर, पण ट्रकवाले शिस्तीत असतात आणि त्यांच्या मागोमाग उतरणं सोपं जातं. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं असेल तर फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार सोडून जा.

वेळ सकाळची. साताऱ्यातून सहाला निघालात तर सात-सव्वासातला पसरणीच्या पायथ्याशी असता, आणि पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत वर पोहोचता. ऊसतोडीच्या दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, वाईपर्यंतच्या सपाट रस्त्याचीच जास्त काळजी घ्या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

उंचीकडे लक्ष असू द्या. टपावर एसी असलेलं मोटरहोम तीन मीटरच्या घरात जातं. गावच्या स्वागत कमानी, लोंबत्या केबल, आणि झाडांच्या फांद्या. स्वतःच्या गाडीची उंची टेपने मोजून काचेच्या आत कागदावर लिहून चिकटवा. ऐन वेळी आठवत नाही.

चढ

चढ तुलनेने सोपा असतो, कारण चूक झाली तरी गाडी मंदावते. गिअर वेळेवर खाली टाका. इंजिन धापा टाकायला लागल्यावर नव्हे, चढ दिसल्यावर. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर आधी एसी बंद, तरीही चढला तर रुंद जागी थांबून इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवा. लगेच बंद केलं तर तापलेल्या टर्बोत (इंजिनात हवा कोंबणाऱ्या चक्रीत) ऑइल फिरायचं थांबतं आणि रेडिएटरचं पाणीही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कुणी कितीही आग्रह करो.

चढावर गाडी थांबली तर क्लचवर तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा, पहिल्यात टाका, क्लच सोडताना गाडी पुढे ओढ घेते असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. चार टनांची गाडी क्लचवर धरली तर काही मिनिटांत क्लच प्लेट जळते. शेजारच्याकडे लाकडी ठोकळा तयार असावा. दगड नको, लाकूडच. दगड लोक तिथंच सोडून जातात आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावर पडतो.

मागे गाड्यांची रांग लागली तर पुढच्या रुंद जागी बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ द्या. ह्यात कमीपणा नाही. मागचा माणूस वैतागून वळणावर ओव्हरटेक करतो, आणि त्याची किंमत समोरून येणाऱ्याला मोजावी लागते.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. इथल्या उंचीने टर्बो डिझेलला फरक जाणवत नाही. पण लडाखचा बेत असेल तर गणित बदलतं. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. तंगलांग लासारख्या खिंडी त्याहून उंच आहेत. इंजिनाचा जोर कमी होतो, पण उतारावर गाडीचं वजन तेवढंच राहतं. थंडीत गॅस सिलिंडरही मंदावतो, कारण त्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या खाली वायू व्हायला तयार नसतो. माणसाला तर विरळ हवा गाडीपेक्षा आधी लागते. म्हणून लेहला विमानाने आलेला असो वा गाडीने, पहिले दोन दिवस विश्रांती. तिकडे जायच्या आधी सह्याद्रीतले हे घाट दहा वेळा तरी करा.

वळण

मोटरहोम वळताना दोन गोष्टी एकदम घडतात. मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतून कापतं. माझ्या गाडीत पूर्ण स्टिअरिंग मारलं की हा फरक चार-पाच फुटांचा होतो. आणि मागच्या चाकांच्याही पाठीमागे जो भाग लोंबतो, तो उलट दिशेला बाहेर झाडतो, फूटभर तरी.

हे वाचून समजत नाही, करून बघावं लागतं. जत्रेच्या मोकळ्या मैदानात गाडी न्या, फक्कीची रेघ मारा, रेघेलगत गाडी उभी करा आणि पूर्ण स्टिअरिंग मारून हळू पुढे घ्या. बाहेर एकाने उभं राहून शेपूट रेघेच्या किती पलीकडे गेलं ते मोजायचं. मग आतल्या बाजूला एक वीट ठेवा आणि ती मागच्या चाकाखाली न येता वळता येतं का बघा. मी पहिल्या दिवशी विटेचे तीन तुकडे केले. चौथ्या दिवशी वीट शाबूत राहिली, मग घाटात गेलो.

आता घाटातलं डावं केसपिनी वळण घ्या. आपण डावीकडून चालतो, म्हणून हे वळण आपल्याला आतलं, तोकडं पडतं. पुढचं चाक डाव्या कडेला धरून वळलात तर मागचं चाक गटारात उतरतं किंवा बाजूचा पत्रा खडकाला घासतो. म्हणून वळणाच्या आधीच हॉर्न द्या, वेग माणूस चालतो तेवढा करा, वरची बाजू दिसते तिथपर्यंत पाहा, मोकळी असेल तर गाडी थोडी उजवीकडून सुरू करून उशिरा वळवा. मोकळी नसेल तर थांबा. मधल्या पट्ट्यावर गेल्याशिवाय वळता येणार नाही हे आपल्याला माहीत आहे, समोरच्या कारवाल्याला माहीत नाही. त्याला आधी येऊ द्या. डिप्पर मारला, हाताने खूण केली, तर बहुतेक लोक समजून घेतात.

उजव्या वळणावर जागा जास्त असते, पण धोका वेगळा. मागचं उजवं चाक समोरून येणाऱ्याच्या भागात कापतं आणि डावं शेपूट कठड्याकडे झाडतं. कठड्याला अगदी चिकटून वळायला सुरुवात केली तर शेपूट आधी घासणार. हातभर जागा सोडा आणि दोन्ही आरसे आळीपाळीने बघत राहा. वळताना आरशाकडे न बघणारा माणूस अर्धीच गाडी चालवतो.

उतार

ह्या लेखातला बाकी भाग विसरलात तरी हा लक्षात ठेवा.

पाचगणीहून वाईला येताना गाडी साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर खाली येते. चार टनांच्या गाडीची त्या उतरण्यातून जी ऊर्जा सुटते, तिच्यात सत्तर लिटर गार पाणी खळखळा उकळेल. ती सगळी कुठंतरी जायलाच हवी. थोडी हवेच्या रोधात जाते. उरलेली एकतर इंजिन खातं, नाहीतर ब्रेक. इंजिनाला रेडिएटर आहे, पंखा आहे, ते तासन्‌तास खाऊ शकतं. ब्रेकच्या डिस्कला फक्त वारा आहे, आणि मोटरहोम हळू उतरतं म्हणून वाराही थोडाच.

म्हणून दांडेघर सोडलं की पहिल्या उताराच्या आधी, सपाटीवरच, गाडी दुसऱ्या गिअरात. जुना नियम असा की ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरावं. माझ्या अनुभवात मोटरहोमला एक गिअर खालचाच बरा, कारण डिझेल इंजिन पेट्रोलसारखं मागे ओढत नाही. इंजिन मोठ्याने ओरडेल. ओरडू द्या. आवाजाला घाबरून लोक गिअर वर टाकतात आणि तिथंच घात होतो. फक्त आरपीएमचा काटा लाल रेघेच्या खाली राहिला पाहिजे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोडला घेऊन २ वर ठेवा. डीवर सोडली तर ती आपणहून वरचे गिअर टाकत जाते.

गिअरने वेग धरून ठेवला तरी अधूनमधून ब्रेक लागतोच. तो कसा मारायचा? सतत हलका पाय ठेवून नव्हे. मनात एक वेग ठरवा, समजा ताशी २५. गाडी ३० ला गेली की ब्रेक ठामपणे दाबून २० वर आणा आणि पाय पूर्ण उचला. परत ३० होईपर्यंत डिस्कला वारा मिळतो. तात्या हे शिकवताना माझ्या पायाकडे नाही, ब्रेकच्या दिव्याकडे बघायचे. मागच्या गाडीत बसून. "दिवा पेटलेलाच दिसतोय म्हंजी पाय तिथंच हाय," असा फोन यायचा. सरावासाठी ही युक्ती उत्तम आहे: मागून आपल्या माणसाला कार घेऊन येऊ द्या आणि दिवा मोजू द्या.

न्यूट्रलला उतरायचं नाही. डिझेल वाचतं हा गैरसमज आहे. गिअरात उतरताना आधुनिक इंजिन डिझेल टाकणं जवळजवळ बंदच करतं. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून घातक: पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच साथ देतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर स्टिअरिंगला कुलूपच बसतं.

घाटाच्या मध्यावर एक थांबा घ्या, ब्रेक तापलेले नसले तरी. पसरणीत आम्ही दहा मिनिटं थांबतो. धोम धरणाचं पाणी समोर असतं, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर मात्र दहा मिनिटं पुरत नाहीत. अर्धा-पाऊण तास थांबा, गाडी गिअरात ठेवा, चाकाला ठोकळा लावा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक घट्ट ओढून ठेवू नका आणि पाणी तर अजिबात टाकू नका.

आणि ब्रेक गेलाच तर? पेडल भराभर दाबत राहा, हायड्रॉलिक ब्रेकमध्ये त्यातून थोडा दाब परत मिळतो. एकेक करून गिअर खाली टाका. मग हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात. हॉर्न आणि दिवे चालू. तरीही थांबत नसेल तर डोंगराच्या बाजूचं गटार गाठा, चाक त्यात उतरवा, गाडी मातीच्या भिंतीला घासू द्या. पत्रा परत बनतो. मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

समोरून गाडी आली आणि मागे घ्यावं लागलं

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला पहिला मान. हा शिष्टाचार आहे तसाच २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीतला नियमही आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. पण समोर भरलेला ट्रक असेल आणि तुमच्या मागे दहा पावलांवर रुंद जागा असेल, तर हट्ट न धरता तुम्हीच मागे घ्या.

मागे घेताना एकाने खाली उतरायचंच. कॅमेरा असला तरी. खाली उतरलेल्या माणसाने गाडीच्या पाठीमागे उभं राहायचं नाही, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा ठिकाणी, बाजूला. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने गाडी थांबवायची, हा आमच्या घरचा कायदा आहे. "ये ये ये" ऐकून गाडी घेऊ नका, घाटात वाऱ्याने शब्द उडतात. शिट्टी ठेवा. एक शिट्टी म्हणजे या, दोन म्हणजे थांबा.

धुकं आणि रात्र ह्याविषयी फार सांगायचं नाही, कारण सल्ला एकच आहे: जाऊ नका. जून ते सप्टेंबर महाबळेश्वरच्या पठारावर दुपारी बारालाही दहा पावलांपलीकडचं दिसत नाही असे दिवस असतात. सापडलातच तर हेडलाइट खाली, अप्पर नको, कारण तो प्रकाश धुक्यावरून आपल्याच डोळ्यांत येतो. डावी पांढरी रेघ धरून चला. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. रात्री केळघर आणि कुंभार्लीच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात. एक गवा दिसला तर मागे कळप असतो. दिवे खाली करून थांबा.

मुक्काम ठरलेल्या आवारातच करा, घाटाच्या साइडपट्टीवर नाही. आणि सांडपाण्याची टाकी घाटात उघडू नका. कृष्णा, कोयना, वेण्णा इथंच उगम पावतात. पसरणीच्या ओढ्यात सोडलेलं साबणाचं पाणी कृष्णेत जातं आणि पुढे कराड, सांगलीच्या घराघरांतल्या नळाला येतं.

खाली पोहोचल्यावर

वाईत किंवा मेढ्यात पोहोचलात की चहाच्या आधी हे करा. गाडी सपाटीवर लावा, खाली उतरा, आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताची उलटी बाजू न्या, टेकवू नका. चारही चाकांची धग साधारण सारखी लागली पाहिजे, पुढच्या दोघांची थोडी जास्त. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर त्याच्या ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) किंवा लायनर अडकलेला आहे, आणि पुढच्या घाटाच्या आधी ते मेकॅनिकला दाखवायला हवं. माझं पुढचं डावं चाक त्या डिसेंबरात असंच होतं. महिनाभर आधीपासून ते जास्त तापत असणार, पण मी कधी हात नेऊन पाहिलाच नव्हता. आता वहीत तारीख, घाट आणि चार चाकांपुढे चार खुणा करतो, आणि तात्या बरोबर असले तर ते स्वतः एकदा चारी बाजूंनी फिरून हात लावून बघतात, मगच चहा सांगतात.